भिंतीच्या फटीतला ताप

"मॅडम, आमची गाय डिप्रेशनमध्ये आहे," असं फोनवर सांगणारा माणूस मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाच भेटला.

मी जनावरांची डॉक्टर. राहायला शहापुरात, नोकरी मुरबाड तालुक्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात. शेणवा, किन्हवली, सरळगाव असं करत रोज स्कूटरने जाते. फोन करणारा माणूस फार्महाउसवाला होता. मुंबईत कसलासा धंदा करून पन्नाशीला आल्यावर त्याला गावाची ओढ लागली. गाव त्याचं नव्हतंच, म्हणून त्याने डोंगराच्या पायथ्याशी आठ एकर विकत घेतलं, त्याला दगडी कुंपण घातलं आणि आत गाव तयार करायला घेतलं. चूल होती, जातं होतं, भिंतीवर वारली चित्रं होती. चित्रं काढायला कलाकार पुण्याहून आणला होता.

"तिची मैत्रीण दुसऱ्या शेडमध्ये हलवली ना, तेव्हापासून खात नाही," तो सांगत होता. "डोळ्यांतून सारखं पाणी. मी तिच्यासाठी बासरी लावली, तरी फरक नाही."

"ताप किती आहे?"

"ताप नाही हो, मनाचं आहे."

"थर्मामीटर लावलं का?"

"गाईला कुठे लावतात?"

मी सांगितलं. "तुम्हीच या मॅडम," तो म्हणाला.

त्याआधी दोन-अडीच महिने त्याने मला गोठ्याच्या उद्घाटनाला बोलावलं होतं. उत्तरेकडच्या बाजारातून ट्रकने आणलेल्या दहा संकरित गाई एका रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूची माळ होती. गोठा मात्र त्याने हौसेने जुन्या पद्धतीचा बांधला होता. मातीत रचलेले दगड, गिलावा नाही, कारण फोटोत ते छान दिसतं. मी त्याला तिथेच सांगितलं, की या गाई इथल्या गोचिडीला टिकत नाहीत, लस टोचून घ्या, गोठ्यात फवारणी करा आणि या भिंतींच्या फटी आधी बुजवा. त्याने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. अडाणी माणसाकडे पाहावं तसं.

"मॅडम, आपल्याकडे केमिकल चालत नाही. गेटवर बोर्ड वाचला नाहीत का?"

बोर्ड वाचला होता. 'येथे फक्त निसर्गाचे ऐकले जाते' असं त्यावर लिहिलं होतं. मी पेढा खाल्ला आणि निघाले. खरं तर तेव्हाच आवाज चढवायला हवा होता. पण अशा माणसांशी वाद घालायचा मला कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याला मी अनुभव म्हणते.

गोठ्यात शेण काढायला, चारा घालायला शेजारच्या पाड्यावरची एक बाई होती. माझ्याच वयाची, काटक, कमी बोलणारी. तिच्या स्वतःच्या दोन बुटक्या गावठी गाई होत्या. उद्घाटनाच्या दिवशी तिला मागच्या बाजूला उभं राहायला सांगितलं होतं. गाडीपर्यंत ती माझ्याबरोबर आली आणि हळूच म्हणाली, "बाय, या गाईंच्या कासंला आतापासून गोचड्या हायत. ट्रकातनंच घेऊन आल्यात. मी रोज उपटतंय आन् राकेलच्या डब्यात टाकतंय. शेटला सांगतंय, तर तो बोलतो, जीव हाय, मारू नको."

मी म्हटलं, "तुम्ही उपटत राहा." एवढं बोलून मी स्कूटर सुरू केली.

तर त्या मनाच्या आजाराने ग्रासलेल्या गाईचा ताप एकशे सहा भरला. डोळ्याची आतली कड पांढरी पडली होती, श्वास भात्यासारखा चालला होता आणि खांद्यापुढची गाठ चांगली अंड्याएवढी सुजली होती. मालक गाईच्या कपाळावर हात ठेवून उभा होता आणि त्याचा मॅनेजर त्याचं मोबाइलवर चित्रण करत होता. मी गाठीत सुई घातली, तिथलं पाणी काचपट्टीवर घेतलं, कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला आणि म्हटलं, "गोचीडताप वाटतोय. इंजेक्शन आत्ता देऊन टाकते, तपासणी होईल नंतर."

"आधी रिपोर्ट दाखवा," तो म्हणाला. "संशयावर मी माझ्या गाईच्या शरीरात विष घालू देणार नाही."

मग मी दवाखान्यात आले, काचा रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

मला रोगजंतूंचा राग येत नाही. राग यायला समोरच्याला काही अक्कल असावी लागते. पण या एका जिवाची मला किळस येते, आणि कॉलेजात पहिल्यांदा त्याच्याबद्दल वाचलं तेव्हापासून येते. हिवतापाचा जंतू निदान मेहनत तरी करतो. तांबड्या पेशीला धडकतो, टोकाची बाजू तिच्याकडे होईपर्यंत वळवळतो, तिच्या अंगात आपली पकड रोवतो आणि जोर लावून आत घुसतो. गोचीडतापाचा जंतू एवढंही करत नाही. त्याला नीट हलताही येत नाही. गोचिडीच्या लाळेतून गाईच्या अंगात पडतो आणि जी पांढरी पेशी जवळ येईल तिला पाठीने म्हणा, पोटाने म्हणा, जशी बाजू लागेल तसा चिकटतो. पुढचं काम ती पेशीच करते. तिचं आवरण त्याच्याभोवती पिशवीची चेन ओढावी तसं मिटत जातं आणि ती त्याला स्वतःच्या पोटात घेते.

आत आलेल्या परक्याला अशा पिशवीत कोंडूनच पेशी जिरवून टाकते. हा काही मिनिटांत ती पिशवीच विरघळवून टाकतो आणि पेशीच्या आत मोकळा होतो. मग पेशीच्याच आतले धागे ओढून अंगाभोवती गुंडाळून घेतो, म्हणजे तो परका वाटतच नाही. आणि मग तिला वाढायला लावतो. पेशीच्या दोन होताना तिच्या आतला ऐवज ज्या धाग्यांनी दोन्हीकडे वाटला जातो, त्याच धाग्यांना हा चिकटून राहतो आणि दोन्हीकडे आपोआप पोचतो. दोनाच्या चार, चाराच्या आठ. गाठ सुजते ती त्यामुळे. ज्या पेशीने शरीराची राखण करायची, तीच बाकी सगळं विसरून याची पैदास करत सुटते. शेवटी पेशी फुटते, त्यातून निघालेली पिल्लावळ तांबड्या पेशींत शिरते आणि तिथे स्वस्थ बसून राहते, पुढची गोचीड रक्त प्यायला येईपर्यंत.

काचेवर ते सगळं होतं. पांढऱ्या पेशीत फिकट निळा डाग आणि त्यावर जांभळी खसखस शिंपडल्यासारखे दाणे.

मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "थँक्यू मॅडम. मी आमच्या गुरुजींशी बोलून घेतो." गुरुजी दुसऱ्या राज्यात होते आणि मोबाइलवर गाई बऱ्या करत होते. त्यांनी कडुलिंबाची धुरी आणि हळदीचा लेप सांगितला. गाठीवर लेप! मी दुसऱ्या दिवशी स्वतःहून इंजेक्शन घेऊन गेले, तर गेटवरून परत पाठवलं, कारण गोठ्यात धुरी चालू होती आणि बाहेरच्या माणसाची ऊर्जा आत चालणार नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी गाय मेली. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी दोघी तापाने आडव्या झाल्या. तेव्हा मात्र निसर्गाचं ऐकणं बंद झालं आणि मला चौदा वेळा फोन आला.

दोघींच्या मानेत खोल इंजेक्शनं दिली. एक वाचली, दुसरी नाही वाचली. मेलेल्या गाईसमोर तो रडला आणि ते रडणं खरं होतं. मला दया यायला हवी होती. मला फक्त त्याच्या खांद्यावरून उरलेल्या आठ गाईंच्या कानांत टपोऱ्या झालेल्या गोचड्या दिसत होत्या.

डोळे पुसून झाल्यावर त्याने विचारलं, "हे आलं कुठून? आमच्याकडे सगळं प्युअर आहे."

"गोचिडीतून."

"पण गोचिडीत कुठून आलं? बाहेरची जनावरं माझ्या कुंपणाला घासून जातात रोज. त्या पाड्यावरच्या. मला लिहून द्या मॅडम, रेकॉर्डसाठी. वर माझी ओळख आहे, पण मला तुमच्याकडूनच हवंय."

मी लिहून दिलं. त्या कागदावर तपासणी होती, निदान होतं, उपचार होते आणि शेवटी एक वाक्य होतं: 'स्थानिक जनावरांच्या संपर्कातूनही बाधा झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे वाक्य खोटं नाही. गावठी गाईंच्या रक्तात हा जंतू थोडाफार असतो, त्या त्याला दाबून ठेवतात, आजारी पडत नाहीत. पण मी ते खरं आहे म्हणून लिहिलं नव्हतं. समोर माणूस रडून उठला होता, त्याची वर ओळख होती, मला घरी जायचं होतं, आणि शक्यता नाकारता येत नाही असं लिहिलं की लिहिणाऱ्याला काहीच चिकटत नाही. ट्रकाबद्दल मी एक शब्द लिहिला नाही.

त्याने तो कागद लॅमिनेट करून घेतला. ग्रामसभेत वाचून दाखवला. पाड्यावरची गुरं ओढ्यावर पाण्याला जातात ती पायवाट त्याच्या कुंपणाला लागून होती. ती गुरांसाठी बंद करावी असा त्याने अर्ज केला आणि सरकारी डॉक्टरची सही पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच दिवशी त्याने त्या बाईला कामावरून काढलं. ती घरच्या गाईंना हात लावून त्याच्या गोठ्यात येते, हे कारण. तिच्याएवढ्या गोचड्या त्या गोठ्यात दुसऱ्या कुणी मारल्या नव्हत्या.

मला हे काही ठाऊक नव्हतं. आठवड्याने ती बाई दवाखान्यात आली. पाड्यापासून चालत, भर उन्हात. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"बाय, तो कागद तू लिवलंस?"

"कुठला?"

"माझ्या गाईंनी रोग दिला, असा."

"तसं नाही लिहिलं मी. शक्यता नाकारता येत नाही, एवढंच..."

"त्या बोलन्याचा अर्थ काय?"

 सांगायला गेले तर त्याचा अर्थ तिने म्हटला तोच निघत होता.

"माझ्या गाईंना आता लांबच्या वाटंनी न्यावा लागतं, डोंगराला वळसा घालून," ती म्हणाली. "एक गाभण हाय. तू तिचं रगत बघितलंस का?"

"नाही."

"मंग न बघता लिवलंस?"

"हो."

"आन् ट्रकातनं गोचड्या आल्या, ते मी तुला सांगितला व्हता. ते लिवलंस का?"

"नाही."

ती ओरडली नाही. माझ्याकडे तिने जसं पाहिलं, तसं मी आजवर फक्त काचेवरच्या त्या निळ्या डागाकडे पाहत आले होते. मग पदर सारखा करून ती उठली आणि आली तशी चालत गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. तिने मला गाईंना हात लावू दिला, पण दोर धरायला आली नाही. तिची सून आली. सून बारावी झालेली, माझ्या वहीवर डोळा ठेवून उभी होती. दोन्ही गाईंचं रक्त घेतलं. अंगभर शोधून मला एकूण पाच गोचड्या सापडल्या. तिथून फार्महाउसवर गेले. मालक म्हणाला, आज शूटिंग आहे. मी म्हटलं, "करा की. माझंही करा." आणि पिशवीतून एक जुनी सुरी काढून गोठ्याच्या भिंतीच्या फटी उकरायला लागले.

ही गोचीड लहानपणी बाधित जनावराचं रक्त पिते, टम्म झाली की खाली पडते, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते आणि मोठी होऊन पुन्हा जनावरावर चढते. चढते तेव्हा तिच्या लाळेत तो जंतू असतो. त्या सुंदर दगडी भिंतीच्या एकेका फटीतून मी तिला चमच्याने काढावं तशी काढत होते. राखाडी, तपकिरी, मसुराएवढी, तुरीएवढी. बरणी अर्धी भरली. मॅनेजरने चित्रण थांबवलं. मालक नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हे सगळं माझ्याकडे?"

"तुमच्याकडे. भाडं न देता."

आठही गाईंचं रक्त तपासलं. ट्रकातून आलेल्यांपैकी एक धडधाकट म्हातारी गाय होती, तिला ताप आला नव्हता की काही नाही. तिच्या तांबड्या पेशींत तो जंतू खाली मान घालून बसलेला होता, ठिपके ठिपके. हा आजार तिने कधीतरी पूर्वीच काढला असणार. पाड्यावरच्या दोन गाईंपैकी एकीत तो सापडला, अगदी तुरळक. गाभण होती तिच्यात नाही.

मी नवीन कागद लिहिला. त्यात सगळं होतं: म्हातारी गाय, पाड्यावरची एक गाय, बरणी, भिंत, न टोचलेली लस. जंतू पहिल्यांदा कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही, पण तो पोसला गेला तो या गोठ्यात, आणि पायवाट बंद करून काही साधणार नाही, असं लिहिलं. माझं आधीचं वाक्य पुरेशी तपासणी न करता लिहिलं होतं, हेही लिहिलं. ते वाक्य मी सगळ्यात शेवटी लिहिलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या ग्रामसभेत मी स्वतः गेले. समाजमंदिरात पुढे मालक, त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची. मागे भिंतीला टेकून पाड्यावरची माणसं. मी वाचायला लागले तसा तो उठला.

"एक मिनिट. मॅडम, आधीचा कागदपण तुमचाच ना? ही सही तुमची ना?" लॅमिनेट केलेला कागद त्याने सगळ्यांना दाखवला. "मग आम्ही कुठल्या मॅडमवर विश्वास ठेवायचा?"

सगळे हसले. पाड्यावरचे नाही हसले.

"सही माझी आहे," मी म्हटलं. "मी चूक लिहिलं होतं. जनावरं न तपासता, तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं."

"हे तुमच्या साहेबांना कळवू का?"

"मी कळवलंय. या कागदाची प्रत गेली आहे."

हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मला आवडलं, हे कबूल करते. मग मी बरणी टेबलावर ठेवली. पुढच्या रांगेतल्या चार जणांनी खुर्च्या मागे सरकवल्या. सरपंचांनी बरणीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "पायवाट जुनी हाय. ती काय बंद व्हनार नाय. शेट, तुमी भिंतीला गिलावा मारून घ्या." एवढ्यावर ठराव झाला. महिनाभर जिने डोंगराला वळसा घातला तिची कुणी माफी मागितली नाही. मागच्या भिंतीपाशी ती उठली आणि सभा संपायच्या आधीच सुनेला घेऊन निघून गेली.

साहेबांनी मला समज दिली, लेखी. ती योग्य होती.

भिंतीला गिलावा झालाच नाही. दोनेक महिन्यांत त्याने गाई विकल्या आणि गोठ्यात योगासनांची शिबिरं सुरू केली. लोक शहरातून येतात आणि त्या दगडी भिंतींना टेकून डोळे मिटून बसतात. गोचीड उपाशीपोटी कितीतरी महिने काढू शकते, हे मी त्याला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

कामाला परत ये म्हणून त्याने त्या बाईला निरोप धाडला होता, शिबिराला आलेल्यांसाठी नाचणीच्या भाकऱ्या थापायला. ती गेली नाही.

पाड्यावरची तिची गाभण गाय पुढे व्यायली, पण झार अडकली, वार पडेना. तिने मलाच बोलावलं, कारण दुसरा डॉक्टर लांब. मी हात घालून झार सोडवली, गोळ्या ठेवल्या, वासरू तपासलं. चांगली टुणटुणीत कालवड होती. मग पडवीत बसून वहीत नोंद केली. तिने चहा आणून समोर ठेवला. मी वही मिटायला गेले तशी ती म्हणाली, "थांब."

सून आली, तिने वही माझ्या हातातून घेतली आणि मी लिहिलेलं एकेक वाक्य सावकाश मोठ्याने वाचायला लागली. बाई उभी राहून ऐकत होती. एका ठिकाणी तिने हात वर केला.

"अशक्त गाय, असा का लिवलंस? माझी गाय अशक्त नाय. ती दमलीय."

मी वही परत मागितली, 'अशक्त' खोडलं आणि 'दमलेली' लिहिलं. सुनेने तेवढी ओळ पुन्हा वाचली. बाईने मान हलवली. तोवर चहा गार झाला होता. मी तो प्यायले आणि निघाले.